भूत, फौजदार आणि वरिष्ठांचा शेरा



मंडळाच्या व्यासपीठावर आम्ही भुताच्या चित्रपटाविषयी बोलणार, हे कळताच आमच्याच घरी हसे झाले. तरीही १९९० सालच्या 'द एक्झॉर्सिस्ट थ्री'विषयी बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. १९७३ च्या पहिल्या चित्रपटाचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनीच तो आपल्या 'लीजन' या १९८३ च्या कादंबरीवरून लिहिला व दिग्दर्शित केला.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात खून पडू लागतात. प्रेतांवरच्या खुणा मात्र पंधरा वर्षांपूर्वी देहान्त शासन झालेल्या खुन्याच्या! त्या वेळी पोलिसांनी वृत्तपत्रांना मुद्दाम खोट्या खुणा कळविल्या होत्या. या प्रेतांवर आहेत त्या खऱ्या. शिवाय बोटांचे ठसे दर ठिकाणी निराळे. भुतापेक्षा हा पंचनामाच अधिक अंगावर येतो.

तपासावरचा किंडरमन (जॉर्ज सी. स्कॉट) उतारवयाचा, चिडका, मित्र गमावलेला. त्या मित्राच्या स्मृतिदिनी तो आणि फादर डायर दरवर्षी सिनेमास जातात. आपण दुसऱ्याची समजूत काढीत आहोत, असे दोघांनाही वाटते. पुढे इस्पितळात डायरचाही खून होतो. परमुलखात जोडलेल्या मैत्रीचे मोल या सभागृहात आम्ही कोणास सांगावे? मग मनोरुग्णांच्या कोठडीत किंडरमनला जो माणूस भेटतो, त्यास चेहरा आहे त्या मृत मित्राचा. तेथील संवाद केवळ बसून बोलण्याचे. ब्रॅड डूरिफ यांचा आवाज ऐकताना आम्ही दिवा लावून ठेविला होता, हे कबूल करतो.

मूळ कादंबरीत भूत उतरविण्याचा विधी नाही. चित्रपटही तसाच पुरा झाला होता. परंतु निर्मात्या कंपनीस तो विधी हवाच होता. शेवट पुन्हा चित्रित झाला, निकोल विल्यमसन यांचे धर्मगुरूचे पात्र घुसडले गेले आणि आग, विजा, किंकाळ्या यांत ती शांत भीती विरून गेली. आम्ही उभी हयात मसुदे तयार केले. वरून 'हेही घालावे' असा शेरा आला की काय होते, ते आम्हांस ठाऊक आहे.

२०१६ मध्ये जुन्या व्हीएचएस फितींवरून ब्लॅटींच्या मूळ आराखड्याजवळ जाणारी आवृत्ती निघाली. चित्र धूसर आहे. पण तीत किंडरमन मंत्रावाचून, एकटाच त्या कोठडीत शिरतो आणि मित्राच्या चेहऱ्यावर पिस्तूल रोखतो.