विज्ञानाचे व्यासपीठ लालबागेत

(लालबाग येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाची स्मृती म्हणून १९८७पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. त्या सुमारास विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधनसंस्था लोकांसाठी आपली दारे उघडतात, आणि ‘विज्ञान आणि समाज’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर हमखास असतो. व्याख्याता बोलतो, श्रोते ऐकतात. शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखलेली असतात, तीही बहुधा आभारप्रदर्शनात जातात. समाज म्हणजे समोरच्या खुर्च्या, एवढाच अर्थ मग उरतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९पासून नाट्यगृहात आणि महाविद्यालयात ‘चाय अँड व्हाय’ या नावाने गप्पा सुरू केल्या, हा पायंडा निःसंशय चांगला. पण येत्या विज्ञान दिनाच्या कार्यक्रमांपैकी एखादा तरी लालबागच्या चाळीपर्यंत यावा, ही मागणी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आताच केली पाहिजे.

हाफकिन संस्था, के. ई. एम., टाटा रुग्णालय ही सारी लालबागहून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही या वस्तीची आणि आधुनिक वैद्यकाची पहिली मोठी गाठ पडली ती १८९६च्या प्लेगात, आणि ती सुखाची नव्हती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. माणसे घरातून उचलून नेणारी सत्ता आणि रोग रोखू पाहणारे शास्त्र यांतला फरक त्यांना कोणी समजावला नव्हता. पुढे जानेवारी १८९७मध्ये हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. त्या जमावाला अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की संशयाला सबळ कारण होते.

याच्या नेमके उलट उदाहरण बिसिनोसिसचे. गिरणीच्या ब्लोरूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ सर्वांत दाट. तेथे वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाची छाती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत आवळल्यासारखी होते, श्वास पुरत नाही. आठवडा सरत जातो तसे बरे वाटते. काही वर्षांनी हा त्रास रोजचाच होतो, आणि पुढे गिरणी सुटली तरी सुटत नाही. या रोगाची खास खूण क्ष-किरण चित्रात दिसत नाही. म्हणून तो दमा किंवा जुनाट खोकला समजला जातो, आणि विडीवर खापर फोडून प्रकरण मिटवता येते. (विडीने तो बळावतो, हेही खरेच.) निदानासाठी फुप्फुसाची क्षमता पाळीच्या आधी व नंतर मोजावी लागते, आणि त्याआधी कामगाराला विचारावे लागते: कोणत्या दिवशी जास्त दम लागतो? इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग यांनी १९५०च्या दशकात हेच केले, मुंबईत के. ई. एम.चे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये या रोगाचा अभ्यास केला. येथे कामगाराची साक्ष हाच शास्त्राचा पुरावा आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाया गेलेल्या कापसाची नोंद गिरणीच्या हिशेबात होत असे, फुप्फुसात गेलेल्याची नाही. तो खर्च कामगाराच्या घरावर पडे. धूळ ओढून घेणारी यंत्रे महाग, माणूस स्वस्त. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात या रोगाचा व्यवसायजन्य म्हणून समावेश झाला खरा. पण हक्क मागण्यासाठी आधी रोगाचे नाव ठाऊक असावे लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ज्यांच्या छातीत धूळ होती ते गावी परतले किंवा खोलीत बसले.

आज त्याच गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहतात. आता धूळ दगडाची आणि सिमेंटची आहे, ती खाणारा मजूर बिहार-बंगालकडचा आहे, आणि सिलिकोसिस हा शब्द त्याच्या कानावर पडलेला नाही.

यासाठी फार मोठे आयोजन नको. विद्यापीठाने सकाळी अकराची वेळ दिली तर ती नाकारावी. सायंकाळी, कामावरून माणसे परतल्यावर, एखाद्या मंडळाच्या जागेत सभा घ्यावी. मराठीबरोबर हिंदीतही बोलावे. छातीविकारतज्ज्ञाच्या शेजारी कार्डिंग खात्यातला जुना कामगार बसवावा, आणि पहिला अर्धा तास प्रश्नांचा ठेवावा. राज्यघटनेने १९७६च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर देणे हे विद्यापीठाचेही कर्तव्य ठरते. सभेनंतर फुप्फुसाची तपासणी ठेवावी आणि प्रत्येकाला निष्कर्ष लेखी द्यावा. येताना म्हाताऱ्यांनी गिरणीचा पास, विम्याचे कार्ड, फंडाची पावती, ट्रंकेत जे काही राहिले असेल ते बरोबर आणावे, हे कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन सांगायचे आहे. कोणत्या खात्यात किती वर्षे गेली हे डॉक्टरला त्याच कागदांवरून कळणार आहे.