जातं थांबलं, ओवी नाही

परवा आमच्या पुण्यातल्या बचत गटाच्या बैठकीत एका आजींनी ओवी म्हटली. एक मुलगी म्हणाली, "जातं नाही, दळण नाही, ही कसली खरी ओवी?" आजी गप्प झाल्या.

१९७६ च्या सुमारास लंडनमध्ये पंक संगीत गाजलं. मोजक्या सुरांत पोरं-पोरी आपला राग ओरडून गात. त्यांच्यातही हाच वाद: मोठ्या कंपनीने रेकॉर्ड काढली की खरेपणा संपला का?

पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. सासुरवास, माहेर, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. त्या बाया कुठे गाणं शिकल्या होत्या?

आम्ही आजींना म्हटलं, जातं थांबलं, तुमचं सांगणं कुठे थांबलंय? तुमच्याही गटात हप्त्यासोबत एकेक ओवी येऊ द्या.