पोटाचे अस्तर आणि आपली लाज



विज्ञानावर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. मी निवडलेला विषय चारचौघांत कोणी काढत नाही. तो म्हणजे पोटातला बुळबुळीत श्लेष्मा.

भेंडी चिरताना हाताला काय लागते, हे माताभगिनींना ठाऊक आहे. तसाच चिकट थर आपल्या जठराला व आतड्यांना आतून असतो. जठरातले आम्ल खाल्लेले मटण पचवते, मग ते जठरालाच का खात नाही? कारण मध्ये हा थर आहे. तो ज्या प्रथिनांचा बनतो, त्यांना म्युसिन म्हणतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो व त्या पाणी धरून ठेवतात.

म्युसिनचे अनेक प्रकार आहेत. जठराच्या पेशी म्युक-५एसी व म्युक-६ बनवतात, तर आतड्याच्या पेशी प्रामुख्याने म्युक-२. ही वाटणी बिघडली की सावध व्हावे.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी जठरातील एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. आम्लात जंतू टिकेल कसा, म्हणून पुष्कळांनी आधी विश्वास ठेवला नाही. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू म्युसिनच्या थरातच बिऱ्हाड करतो. तो बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून येतो. बहुतेकांना त्यातून कर्करोग होत नाही. परंतु काहींच्या जठराला वर्षानुवर्षे सूज राहते आणि तेथील पेशी आतड्याचे म्युक-२ बनवू लागतात. आम्ही काचपट्टीवर दोन रंग देतो. जठराचा नेहमीचा श्लेष्मा किरमिजी दिसतो, बदललेल्या पेशींतला निळा. हा निळा रंग म्हणजे कर्करोग नव्हे, पण धोक्याची पाटी खचितच आहे.

मोठ्या आतड्यात मात्र म्युक-२ हाच राखणदार. २००८ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदरांत दाखविले की तेथे श्लेष्माचे दोन पदर असतात व आतला पदर जंतूंना पेशींपर्यंत पोचू देत नाही. त्याआधी, २००२ साली, म्युक-२ अजिबात नसलेल्या उंदरांच्या आतड्यांत कर्करोगाच्या गाठी झाल्याचे दिसून आले होते. माणसांच्या आतड्याच्या बऱ्याच कर्करोगांतही म्युक-२ घटलेले आढळते. एका प्रकारात मात्र उलट श्लेष्मा बेसुमार वाढतो.

हे सारे मी का सांगतो आहे? कारण या बदलांना बहुधा वर्षे लागतात. म्हणजे आपल्याला मुदत मिळते आणि ती आपण लाजेपायी घालवतो. शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून गप्प बसतो. छातीत जळजळले की सोडा पितो. अम्मी दुखणे मुलांपासून लपवते, अब्बा ‘उगाच खर्च कशाला’ म्हणतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रोगी मला भेटत नाही, त्याच्या अस्तराचा कण भेटतो. तो कण पाच वर्षे आधी आला असता तर, असे कित्येकदा मनात येते.

म्हणून पालकांनो, शौचातून रक्त जाणे, डांबरासारखे काळे शौच होणे, कारण नसता वजन घटणे, घास अडकणे, उतारवयात नव्याने अपचन सुरू होणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांपासून लपवू नका. तो जंतू औषधांनी घालवता येतो. आतड्यातली लहान गाठ कर्करोग होण्यापूर्वी काढता येते. तंबाखू व विडी सोडा, खारवलेले पदार्थ बेताने खा, ताटात भाजी व डाळ वाढवा. आजारावर इलाज करून घ्यावा, ही आपल्या दीनचीच शिकवण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आम्ल जठराला का खात नाही, हा साधा प्रश्न आहे. असे प्रश्न वर्गात विचारा. आणि आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, पोटाची काही तक्रार आहे का? तुम्ही विचारलेत तर कदाचित ते सांगतील.