सिंदखेडराजा: वास्तू आणि भोवतालचं गाव

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचं नाव घेतलं की जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा राजवाडा आठवतो. पण त्या घराण्याचं गाव वाड्यापुरतं नव्हतं. रंगमहाल, नीलकंठेश्वर मंदिर, पुतळा बारव, मोती तलाव आणि लखुजींची समाधी मिळून ते उभं राहतं. बारव आणि तलाव पाहिले की इथल्या लोकांनी पाणी कसं राखलं, हे समजतं. म्हणून एकेका वास्तूला कुंपण घालणं मला अपुरं वाटतं; भोवतालचं गावही जपायला हवं. २०२४ मध्ये समाधीच्या जतनाचं काम चालू असताना तिच्या परिसरातच शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. भोवतालच्या जमिनीतही इतिहास असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

यावर रहिवासी विचारतात, आम्ही घरं बांधायचीच नाहीत का? प्रश्न रास्त आहे. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. जुन्या घराची दुरुस्ती मात्र परवानगीने करता येते. तेव्हा ही परवानगी गावातच आणि वेळेत मिळावी, चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळावेत, वाढीव खर्चाला सरकारने हातभार लावावा. वारसा सगळ्यांचा असेल, तर त्याचा भार शेजारच्या चार घरांनीच का उचलायचा?