कर्व्हमध्ये बसवायचं



"आयटीत नक्की काय चालतं ते सांग," असं म्हणून संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पगार आणि एसी तुम्हाला माहीत आहेतच. मी एका मार्च महिन्याबद्दल सांगते.

२०११ साल. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी नुकतीच टीम लीड झाले होते. हाताखाली दहा जण. वर्षभराचं काम वेळेत गेलं होतं, क्लायंट खूश होता. अप्रेझल सुरू झालं आणि मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. "खालच्या रेटिंगला तुझ्याकडून एक नाव हवंय." मी म्हटलं, "सर, सगळ्यांनीच चांगलं काम केलंय." ते म्हणाले, "कर्व्हमध्ये बसवावं लागतं."

हा बेल कर्व्ह. मध्ये फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता. हजारो माणसांची उंची मोजली तर साधारण असा आलेख निघतो, हे खरं. पण पारखून घेतलेल्या दहा जणांना तो लावायचा कसा? अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी ही पद्धत गाजवली: वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०, आणि तळाच्यांना बाहेरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टमध्येही अशी उतरंड होती; नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ती मोडली. तिथले लोक सांगत, की चांगले इंजिनिअर एकमेकांच्या टीममध्ये जायचंच टाळतात. साहजिक आहे. शेजारी हुशार बसला की आपला नंबर खाली.

मी दोन दिवस एक्सेल शीट घेऊन बसले आणि एका मुलाचं नाव दिलं. त्याच्या नावावर सर्वांत कमी तिकिटं बंद झालेली दिसत होती. (तिकीट म्हणजे आमच्याकडे नोंदवलेलं एकेक काम, एसटीचं नव्हे.) कमी का, तर तो दिवसभर इतरांचे बग शोधून द्यायचा आणि तिकीट बंद व्हायचं दुसऱ्याच्या नावावर. हे मला माहीत होतं. तरी दिलं, कारण तो भांडणार नाही हेही माहीत होतं.

रेटिंग कळल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मॅम, माझं काय चुकलं?" मी म्हणाले, "प्रोसेस आहे." तीन महिन्यांत तो गेला. पुढच्या रिलीजच्या रात्री बिल्ड फेल झालं आणि पहाटे चारपर्यंत आम्हाला कारण सापडेना. त्याला फोन करावा, असं कोणीतरी म्हणालं. माझी हिंमत झाली नाही.

समोर आपल्या गणिताच्या बाई बसल्या आहेत. बाई पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचत नसत; घडी घालून हातात देत. आठवीत मला १०० पैकी ३८ मिळाले, तो पेपरही तसाच आला. मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवलं, शेजारी बसवलं आणि एकेक गणित कुठे अडलं ते विचारलं. बाई, मी त्या मुलाला थांबवून काहीच विचारलं नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीत पुन्हा तशीच मागणी आली. या वेळी मी नाव दिलं नाही. चार मीटिंगा झाल्या. शेवटी त्या रकान्यात माझंच नाव गेलं, म्हणजे पगारवाढ शून्य. हे घरी अजून सांगितलेलं नाही. माझे मिस्टर मागच्या रांगेत बसलेत, त्यांना आत्ताच कळतंय.