मेंदूला नवी पालवी फुटते काय?



आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि वेतनकरारांच्या वाटाघाटींत गेले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. तेव्हा मेंदूवर बोलावयास हा गृहस्थ कसा उभा राहिला, असे आपणांस वाटल्यास नवल नाही. त्याला कारण झाला एक प्रश्न. कारखाना बंद पडून बेकार झालेला, झोप हरवलेला, पन्नाशी उलटलेला आमचा एक सहकारी सभा आटोपल्यावर म्हणाला, "भाऊ, कुत्र्याच्या छत्रीतल्या औषधाने मेंदूत नव्या पेशी उगवतात म्हणे. मुलाने वाचून दाखवलं. आपल्याला मिळेल का हो?" आम्हांस उत्तर देता येईना. म्हणून आम्ही वाचू लागलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

स्पेनचे थोर शास्त्रज्ञ काहाल ह्यांनी १९१३ च्या सुमारास असे मत मांडले की, प्रौढ मेंदूतील मज्जापेशी मरतात. नव्या निर्माण होत नाहीत. अर्धशतक हेच मत प्रमाण होते. १९६५ साली अमेरिकेत जोसेफ आल्टमन व गोपाल दास ह्यांनी उंदरांच्या मेंदूत जन्मानंतरही नव्या पेशी तयार होताना दाखविल्या. स्थान होते हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी निगडित असा मेंदूचा आतला भाग. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. पुढे १९९८ साली माणसाच्या मेंदूतही अशा पेशी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र २०१८ साली एका गटाने प्रौढ माणसात त्या सापडत नाहीत असे म्हटले, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाने वृद्धांतही सापडतात असे म्हटले. वाद अद्याप मिटलेला नाही.

आता त्या औषधांकडे वळू. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे आल्बर्ट हॉफमन ह्यांनी १९३८ साली एल.एस.डी. तयार केले. त्याचा मनावरील परिणाम त्यांना १९४३ साली स्वतःच्याच अनुभवाने कळला. मेक्सिकोतील लोक धर्मविधीत ज्या भुईछत्र्या खात, त्यांतील सायलोसायबिन हे द्रव्य त्यांनीच १९५८ साली वेगळे केले. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य ज्या कुलपांना किल्लीसारखे लागते, त्यांपैकी एका कुलपाला ही द्रव्येही लागतात, आणि माणसाला नसते ते दिसू लागते.

ह्यांनी नव्या पेशी उगवतात काय? २०१३ साली अमेरिकेत उंदरांना सायलोसायबिन देऊन पाहिले. मोठ्या मात्रेने हिप्पोकॅम्पसमधील नव्या पेशी वाढल्या नाहीत, उलट घटल्या! २०२० साली माद्रिदच्या संशोधकांनी डी.एम.टी. हे द्रव्य उंदरांना काही दिवस दिले, तेव्हा नव्या पेशी वाढल्या व स्मरणाच्या परीक्षेत ते उंदीर सरस ठरले. म्हणजे द्रव्य कोणते आणि मात्रा किती, ह्यावर सारे अवलंबून आहे.

अधिक भक्कम पुरावा निराळ्याच गोष्टीचा आहे. २०१८ साली कॅलिफोर्नियात काचपात्रात वाढविलेल्या मज्जापेशींना ह्या द्रव्यांनी अधिक फांद्या फुटल्या. २०२१ साली येल विद्यापीठात सायलोसायबिनच्या एकाच मात्रेने उंदरांच्या मेंदूच्या पुढील भागातील पेशींवरचे बारीक कोंब सुमारे १० टक्क्यांनी वाढले, आणि त्यांतील काही महिनाभर टिकले. तेव्हा हे नवे झाड लावणे नव्हे. जुन्याच झाडाला पालवी फुटणे आहे. आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य व त्यांचे सहकारी अशाच एका द्रव्याने प्राण्यांची चिंता कशी ओसरते, ह्याचा शोध घेत आहेत.

आणि माणसांचे काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इतर औषधांनी गुण न आलेले २३३ विषण्ण रुग्ण होते. २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन घेतलेल्यांना तीन आठवड्यांनी १ मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा अधिक आराम पडला. परंतु अनेकांचा तो टिकला नाही, आणि काहींच्या मनात आत्मघाताचे विचारही आले. तेही प्रशिक्षित माणसे शेजारी बसलेली असताना! ज्यांच्या घराण्यात वेडाचा विकार आहे, त्यांना तर धोका फार मोठा. आपल्या देशात १९८५ च्या कायद्याने ही द्रव्ये बाळगणे गुन्हा आहे. तेव्हा "मेंदू वाढवा" म्हणून कोणी पुडी विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

ह्याच वाचनात आम्हांस आणखी काही सापडले. १९९७ साली असे दिसले की, प्रशस्त, खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यातील उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी अधिक असतात. १९९९ साली दिसले की, चाकावर धावणाऱ्यांतही त्या वाढतात. उलट, १९९८ साली माकडांवरील प्रयोगात धास्तीने त्या घटलेल्या आढळल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही विसरत नाही. परंतु ज्याने जन्मभर लहान खोल्या आणि मोठ्या धास्ती पाहिल्या, त्याला पिंजऱ्याचा हा हिशेब नजरेआड कसा करता येईल? औषधाचा शोध जरूर चालू द्यावा. पण पिंजरा तसाच ठेवून आतल्या जिवाला नुसते औषध पाजणे, हा न्याय नव्हे.

आम्ही सहकाऱ्याला सांगितले, "बाबा, ते औषध आज तुझ्यासाठी नाही. पण पन्नाशीनंतर मेंदू दगड होतो, हेही खरे नाही." दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात गेलो. त्याला आता रात्री चार-पाच तास झोप लागते. त्याची थकलेली देणी मात्र अजून मिळावयाची आहेत. तो खटला चालू आहे.