वर्गातील चित्र-वेळापत्रक

स्वमग्न मुलांपैकी अनेकांना वर्गात अस्वस्थ करते ते पुढे काय होणार हे न कळणे. तोंडी सूचना क्षणात विरते. चित्र समोर राहते, पुन्हा पाहता येते. याच विचारावर एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ‘टीच’ ही पद्धत उभी केली. १९७२ साली तिला राज्यव्यापी कार्यक्रमाचे रूप मिळाले.

या पद्धतीतल्या चित्र-वेळापत्रकाला खर्च फारसा नाही. पुठ्ठ्याची उभी पट्टी आणि तिच्यावर वेल्क्रोने लावलेली कार्डे: प्रार्थना, गणित, डबा, मैदान, घर. तास संपला की मूल स्वतः ते कार्ड ओढून काढते आणि खालच्या ‘झाले’ लिहिलेल्या पाकिटात टाकते. हे काम शिक्षकांनी उरकून टाकू नये; काम संपले हे मुलाला पटते ते कार्ड काढतानाच. दिवसभराचा क्रम झेपत नसेल तर ‘आधी–मग’ अशी दोन चित्रे पुरतात: आधी लेखन, मग झोका. चित्रही उमगत नसेल तर प्रत्यक्ष वस्तू हाती द्यावी, जेवणासाठी चमचा, मैदानासाठी चेंडू.

खरी कसोटी बदलाच्या दिवशी लागते. पावसाने मैदान रद्द झाले, तर ते कार्ड मुलादेखत काढून तिथे दुसरे लावावे, आणि तेही तास सुरू होण्याआधी. मूल वाचू लागले की चित्रांऐवजी शब्द चालतात. पण मूल रुळले म्हणून पट्टीच उतरवण्याची घाई बहुधा अंगाशी येते.